पहिला घास

"बाबा, आपण अपील जिंकलो! उरलेली शिक्षा माफ झाली. डोक्यातली चकती आजच काढणार आहेत," केतकी म्हणाली.

बोंद्रेंनी लेकीकडे संशयाने पाहिलं. पतसंस्थेच्या ठेवीदारांचा विश्वासघात केला म्हणून कोर्टाने ही चकती बसवून त्यांची विश्वास ठेवण्याची शक्तीच काढून घेतली होती. केतकीने आधी घास खाल्ल्याशिवाय ते तिच्या डब्याला हात लावत नसत.

डॉक्टरांनी संमतीपत्र पुढे केलं. "काका, इथे सही करा."

"आणि आत नेऊन काय कराल?"

"बाबा, मी आहे ना!" केतकी कळवळून म्हणाली.

"पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपांवर म्हाताऱ्यांच्या सह्या घेताना मीही हेच म्हणायचो, बाळा." त्यांनी कागद परत सरकवला.

केतकीने डोळे पुसले, डबा उघडला आणि पहिला घास स्वतः खाल्ला.