नव्या संडासाचं कुलूप

मलावीतल्या मुलांजे गावच्या चर्चमध्ये बिशप सांगत होते, "देवाने प्रत्येक माणसाला आपल्याच प्रतिरूपात घडवलंय." तियामिकेचं लक्ष मात्र शेजारी चुळबुळणाऱ्या म्हाताऱ्या नाम्वालेकडे होतं. "पोरी, झुडपात जाऊन येते गं," म्हातारी कण्हली. "गुडघे वाकत नाहीत, पण करू काय!" चर्चमागचा परदेशी देणगीतला नवाकोरा संडास फक्त पाहुण्यांसाठी होता. त्याच्या कुलपाची किल्ली चर्चचा कारभार बघणाऱ्या नवऱ्याने तियामिकेच्या कमरेच्या कापडाला बांधली होती. ती गाठ मघापासून टोचत होती. अखेर तिने म्हातारीला हाताला धरून तिकडे नेलं. दोघी परतल्या तेव्हा मंडळी वेदीपुढच्या टोपलीत नाचतनाचत दान टाकत होती. तियामिकेनेही नाचत जाऊन किल्लीसकट कुलूप टाकलं. नवऱ्याने घाईघाईने टोपलीत हात घातला. "अहो," ती मोठ्याने म्हणाली, "देवाला वाहिलेलं परत घेतात का?" मागच्या बाकांवरून तोवर आणखी चार म्हाताऱ्या उठल्या होत्या.