झाडलेलं अंगण

नळ येऊन गेले होते. सावनीची टाकी कोरडी होती, आणि हे तिला कळलं कुणाकडून, तर शेजारच्या सुलेखाकडून. "तुमचं झालं का भरून?" तिनं आपल्या गच्चीवरून सहज विचारलं. सावनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुकुंदवाडीतल्या त्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही वेळ न सांगता. म्हणून ज्याला आधी कळेल त्यानं बाकीच्यांना हाक मारायची, ही गल्लीची रीत. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण केसरबाई अख्ख्या गल्लीला हाक मारायच्या. वरच्या खोलीतल्या भाडेकरूसाठी मात्र त्यांचा घसा बसलेला. सुलेखाला मारलेली हाक ऐकून सावनी आजवर धावायची. आज तर कहरच झाला. ती दूध घेऊन परतली तेव्हा मागच्या दारी नळ चालू असणार. केसरबाई अंगणातच होत्या. त्यांनी हिला बघितलं, पाठ फिरवली आणि झाडायला लागल्या. एक शब्द नाही.

हे झाडणं तर तिच्या डोक्यातच जायचं. अंगण लख्ख असायचं, पण सावनी जिना उतरली की बाईंनी खराटा उचललाच म्हणून समजा. जणू ही चालते तिथं कचरा सांडतो.

सावनी काही भांडखोर नव्हती. उलट माणूस समोर आलं की ती गोंधळून जायची. काय बोलावं, चुकलं तर, कुणी हसलं तर. त्यावर तिनं एक युक्ती काढली होती. कुणी दिसलं की नुसताच फोन कानाला लावायचा आणि "हो, हो, बरोबर" म्हणत सटकायचं. जिन्यावर पाऊल वाजलं तरी खोलीतून तेच, जरा मोठ्यानं. ऑफिसात, दुकानात, लग्नकार्यात, सगळीकडे ही युक्ती चालून गेली होती.

पण आज दुपारी पिशोरहून आई येणार होती, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. चांगली आठवडाभर राहणार. तिला आंघोळीला काय देणार? मूग गिळून बसायलाही काही हद्द असते. 'आम्हीपण माणसंच आहोत, मावशी,' हे वाक्य घोकत सावनी तणतणत जिना उतरली.

केसरबाई दारात दिसल्या आणि तिचा हात आपोआप वर गेला. फोन कानाला. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. "हो, हो, बरोबर," तोंड आपलं बोलतच सुटलं. बाईंनी मान खाली घातली, पाठ फिरवली आणि खराटा उचलला.

तेवढ्यात तो कानाला लावलेला फोन खणाणला.

आईचा होता. बसमध्ये बसल्यावर फोन करते म्हणाली होती. तो वाजून वाजून थांबला. केसरबाई वळून बघतच राहिल्या. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं सावनीला झालं. पळायला जागा नव्हती. संताप तेवढा शिल्लक होता, आणि तोच कामाला आला. तिनं फोन पायरीवर ठेवला.

"कुणाचा फोन नसतो, मावशी. बोलायची भीती वाटते म्हणून कानाला लावते. पण तुम्ही मला पाणी आल्याचं सांगत का नाही? मला बघून पाठ का फिरवता?" एका दमात तिनं सगळं बोलून टाकलं.

केसरबाईंनी खराटा भिंतीला टेकवला.

"लई डाव जिन्यापस्तोर आले गं मी," त्या म्हणाल्या. "दरवेळी तुझं बोलणं चालू. म्हणलं, सायबाचा फोन आसंल, मधी कसं तोंड घालावं. आज दोन पिंपं भरून ठिवलेत मागं, तुझ्यासाठीच."

"आणि ते झाडणं?"

"दुसऱ्याचं बोलणं चालू आसताना तोंडाकडं बघत उभं ऱ्हावं का? झाडल्यालं आंगण पुन्हा झाडायची मी, तुझा फोन कवा संपतो त्याची वाट बघत."