एक नंबर मोठे

बूट घ्यायला आलेल्या बाईने खाली वाकून आपल्या लेकीच्या पायातल्या बॅलेच्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं आणि मान हलवली. "आत जागाच नाही. सहा महिन्यांत आखूड होतील."

"नाचाचे बूट असेच बसायला हवेत," मी म्हणाले. माझ्या मुलीचे झिजलेले बूट मी विकायला काढले होते.

"त्या खोक्यातले मोठे आहेत ना? कोरेही दिसतायत. पुढे कापूस घालीन. वाढत्या पायाला आपण मोठंच घेतो. दुप्पट पैसे देते."

"ते विकायचे नाहीत."

"मग ठेवलेत कशाला?" तिचा आवाज चढला.

"दाखवायला. तुमच्या लेकीच्या पायातले आखूड झाल्यावर मीही एक नंबर मोठे घेतले होते, दोन वर्षं पुरावेत म्हणून. पहिल्याच दिवशी उडी मारताना पाय आत सरकला आणि घोटा मोडला. मुलगी पुन्हा नाचली नाही. म्हणून कोरे आहेत."

तिने खोक्यातला बूट उचलून आत बोट घातलं. कापूस अजून तिथेच होता.

तिची लेक आरशासमोर चवड्यांवर उभी होती, झिजलेल्या बुटांत.

"सहा महिने पुरले तरी बास," ती बाई म्हणाली. "राहू देत पायात."