दोन निरीक्षकांचा नियम

मानवजातीने युद्धाला कायमचा निरोप दिला, अशी घोषणा त्रेपन्न देशांच्या शांतिसंस्थेने सकाळी केली आणि दुपारी पाववालीच्या दुकानावर शेजारच्या देशाचा तोफगोळा पडला. तिचा नवरा तळघरात अडकला. संस्थेचा निरीक्षक फॉर्म घेऊन धावत आला. "साहेब, क्रेन मागवा! अजून ठोकताहेत हे, ऐका!" खालून लाटण्याचे ठोके येत होते. "मागवतो, बाई. आधी शस्त्रसंधी मोडल्याची नोंद हवी. त्यासाठी गोळा पडताना दोन निरीक्षकांनी पाहावा लागतो. माझा जोडीदार रजेवर." "मी पाहिलाय की! माझ्याच डोक्यावर पडत होता मेला!" "तुम्ही पक्षकार." "म्हणजे गोळा पडलाच नाही?" "कागदोपत्री नाही." ती हातांनीच विटा उपसू लागली. निरीक्षक फरशीवर कागद टेकवून विशेष परवानगीचा अर्ज लिहायला बसला. ठोके वाढले. "बाई," तो अदबीने म्हणाला, "यांना जरा थांबायला सांगा. अक्षर हलतंय."