मागे राहिलेल्या लेकी

"पण बाई, तिनं मागे वळून का पाहिलं?" मोरागनं विचारलं.

एफीनं खडू खाली ठेवला. लुईस बेटावरच्या या लहानशा चर्चमध्ये दर रविवारी मुलांना पवित्र शास्त्र शिकवायला तिला वीस वर्षं झाली होती. आजचा धडा आज्ञाभंगाचा होता. सदोम नगरावर आग बरसणार होती. देवदूतांनी लोटाला बायको आणि दोन मुलींसह बाहेर काढलं आणि बजावलं, मागे बघू नका. बायकोनं बघितलं. ती मिठाचा खांब झाली.

"सांगितलेलं ऐकलं नाही तिनं," एफी म्हणाली.

"ते कळलं. पण बघितलं कशाला?"

"चुलीवर काहीतरी राहिलं असेल," कॅलम म्हणाला. मुलं हसली.

आठ वर्षांची मोराग हसली नाही. तिचं बोट पुस्तकातल्या एका ओळीवर होतं. "इथं लिहिलंय, लोटानं जावयांनाही चला म्हटलं. त्यांना ती थट्टा वाटली. ते आलेच नाहीत. जावई होते म्हणजे लग्न झालेल्या मुली असणार ना? त्या तिथंच राहिल्या. मग आई बघणारच की."

एफीनं ती ओळ वाचली. आजवर कितीदा तरी वाचली होती. तिला जावई दिसले होते, लेकी कधी दिसल्या नव्हत्या.

"पुढच्या रविवारी बोलू," ती कशीबशी म्हणाली. वर्ग तिनं दहा मिनिटं आधीच सोडला.

घरी तिचा नवरा मर्डो जेवायला खोळंबला होता. तो चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक, शब्दाचा पक्का. चार वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी, किर्स्टी, ग्लासगोला एका घटस्फोटित माणसाबरोबर राहायला गेली. तेव्हा याच टेबलाशी मर्डोनं सांगितलं होतं, या घरात तिचं नाव पुन्हा निघता कामा नये. एफीनं ते काढलं नव्हतं.

तिनं शनिवारी करून ठेवलेलं सूप त्याला वाढलं.

"आज काय शिकवलंस?"

"लोटाची बायको."

"कळलं का पोरांना?"

"पोरांना कळलं होतं. मलाच आज कळलं."

ती उठली आणि दाराजवळच्या फोनपाशी गेली. रविवार देवाचा, विसाव्याचा दिवस; त्या दिवशी त्या घरात फोनला कुणी हात लावत नसे.

"एफी, आज रविवार आहे."

"ठाऊक आहे."

"आणि मी काय सांगितलं होतं?"

"तेही ठाऊक आहे. आज नाही ऐकणार."

तिनं रिसीव्हर उचलला. ग्लासगोचे सुरुवातीचे आकडे फिरवले आणि तिचं बोट थांबलं. किर्स्टीचं एकच पत्र आलं होतं, त्यावर नंबर होता. तिनं ते एकदाच वाचलं, मग मर्डोनं ते शेगडीत टाकलं. आता पुढचे आकडे काही केल्या आठवेनात. ती भिंतीकडे तोंड करून तशीच उभी राहिली. डोळे भरून आले.

मागे चमचा खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"तीन," मर्डो म्हणाला. "मग तीन, सात."

तिनं वळून पाहिलं. तो ताटलीकडेच बघत होता. समोर कागद नव्हता, वही नव्हती. उरलेले आकडेही त्यानं एकेक करून सांगितले, कुठंही न अडखळता.