चार बोटं पाणी

निफाडहून आलेल्या बेदाण्यांच्या डब्याला मुंग्या लागल्या. खडू, पावडर, हळद, सगळं करून मी थकले. शेवटी सासूबाईच वैतागल्या. "आगं, ताटात पाणी घाल आन् डबा मधोमध ठेव. मुंगीला पवता येत नाय."

तसं केलं. सकाळी घरात एकही मुंगी नव्हती, ओट्यावर नाही की देवघरात नाही. चमच्याच्या दांड्यानं मी डब्याचं झाकण उचकटलं. टक्क. मूठभर बेदाणे काढून घेतले.

तेवढ्यात कामावर निघालेला शेखर दारातून ओरडला, "तेजू, हे पाणी कोणी सांडलं?"

सांडलेलं नव्हतंच ते. पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या घरासमोर, भिंतीला समांतर, जेमतेम चार बोटं रुंद पाणी उभं होतं. वाहत नव्हतं, मातीत जिरत नव्हतं. मी मागच्या दारी धावले. तिथंही तेच. पलीकडच्या काठावर मुंग्या खोळंबल्या होत्या.

"एवढंसं तर आहे," म्हणत शेखरनं पाऊल टाकलं. पाय पलीकडे पोचलाच नाही. मांडीपर्यंत आत गेला, तरी तळ लागेना. मी दंडाला धरून त्याला मागे ओढलं.

कोपऱ्यावर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला, जरा वाट पाहिली आणि ती निघून गेली.

सासूबाई पाण्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची मान वर होती.

"आत या दोघं," त्या हळूच म्हणाल्या. "दार लावून घ्या."

मी दार लावलं, कडी घातली.

छताच्या कडेला आवाज झाला. टक्क.