भाऊसाहेबांची सही

उमेदवारी अर्जाची मुदत तीनला संपत होती आणि सहाव्यांदा उभे राहणारे भाऊसाहेब सही करता करता थांबले. त्यांचे सचिव रेगे अस्वस्थ होऊन घड्याळाकडे पाहू लागले.

"परवा मी धरणग्रस्तांना काय शब्द दिला?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"जमीन मिळवून देतो म्हणालात."

"मला आठवत नाही. तुम्ही वर्षभर सांभाळून घेताय, एवढं मात्र कळतं."

साहेब घरी बसले तर रेग्यांचीही नोकरी जाणार होती. तरी ते न राहवून म्हणाले, "सही करू नका, साहेब. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. बाहेर कार्यकर्ते घोषणा देत होते.

"मागच्या दारानं जाऊ," रेगे म्हणाले.

"नको. नीट सांगता येतंय तोवर मीच सांगतो."